अमेरिकेतलं छोटं कॅथलिक विद्यापीठ: छापील फी किती, खरी किती, आणि पुढे नोकरीचं काय?

मार्चच्या शेवटी न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "दादा, पोरीला पंचवीस हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली. दर वर्षी!" पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं कॅथलिक विद्यापीठ, जेमतेम दीड हजार विद्यार्थी, आणि भाचीला तिथे नर्सिंगला प्रवेश. अर्ध्या तासाने पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. खाली प्रश्न होता: "हे घ्यायचं, की सरकारी विद्यापीठात घालायचं?"

त्या एका पत्रावर आम्ही तीन रात्री घालवल्या. पत्रातला एकही आकडा खोटा नव्हता, पण आम्ही सुरुवातीला जो अर्थ लावला तो जवळपास प्रत्येक ठिकाणी चुकला होता. अशी पत्रं न्यू जर्सीतल्या मराठी घरांतच येतात असं नाही. पुण्या-नाशिकच्या मुलांनाही येतात. आणि याच काळात अशी विद्यापीठं एकामागून एक बंद होत आहेत. २०२३ मध्ये मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच आणि ओकलंडचं होली नेम्स, २०२४ मध्ये फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी आणि ऑल्बनीचं सेंट रोज, २०२५ मध्ये सेंट लुइसचं फाँटबॉन. फिलाडेल्फियाजवळचंच रोजमाँट आता व्हिलानोव्हा विद्यापीठात विलीन होतंय. त्यामुळे पत्र नीट वाचता येणं ही आता गरजेची गोष्ट झाली आहे.

आधी हे विद्यापीठ म्हणजे काय ते पाहू

अमेरिकेत कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं मिळून दोनशेहून अधिक आहेत. नाव झालेली मोजकी: १७८९ चं जॉर्जटाउन, १८४२ चं नोत्र दाम. त्यांच्याकडे देणग्यांचा प्रचंड निधी आहे आणि जागांपेक्षा अर्ज कितीतरी पट जास्त. त्यांचं गणित वेगळं, ते बाजूला ठेवू. आपला विषय बाकीची, हजार-दोन हजार विद्यार्थ्यांची. यातली बरीचशी जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, संघांनी काढली, आयरिश, इटालियन, पोलिश अशा स्थलांतरित कामगारांच्या मुलींनी शिकावं म्हणून. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढतंय, अशा मुलांना जवळ करणं ही त्यांची जुनी आणि खरी ओळख आहे.

आपल्याकडे 'मिशनरी कॉलेज' म्हटलं की मुंबईचं सेंट झेवियर्स किंवा सोफिया डोळ्यांपुढे येतं: शिस्त कडक, फी बेताची. पण ती बेताची फी अनुदानित अभ्यासक्रमांची असते, कारण तिथल्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. अमेरिकेत खासगी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा पगार सरकार देत नाही. विद्यार्थ्याला मिळणारं सरकारी अनुदान किंवा कर्ज मात्र तो धार्मिक विद्यापीठातही वापरू शकतो.

मग पूर्वी ही कॉलेजं स्वस्तात कशी चालायची? कारण शिकवायला जोगिणी होत्या. गणिताच्या प्राध्यापिका, ग्रंथपाल, रेक्टरबाई, हिशेबनीस, सगळ्या संघातल्याच. जमाखर्चाच्या वहीत त्यांचा पगार एका बाजूला खर्च म्हणून पडायचा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच देणगी म्हणून जमा व्हायचा. विद्यापीठाचा खरा निधी म्हणजे या बायकांचे श्रम होते. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत जवळपास १,८०,००० जोगिणी होत्या, आज ४०,००० सुद्धा नाहीत. त्या जागी आता पगारी माणसं आहेत, त्यांचा आरोग्यविमा आहे, पेन्शन आहे. तो सगळा भार फीवर आला. या विद्यापीठांच्या अडचणीचं मूळ बहुतेक लेख उधळपट्टीत शोधतात. माझ्या मते ते या रिकाम्या झालेल्या मठांत आहे.

छापील फी ही खरी फी नव्हे

गणपतीत दादरहून कणकवलीला जाणारी खासगी बस आठवा. एकाच बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळं भाडं दिलेलं असतं. गणपती संपले की तीच बस अर्धी रिकामी धावते आणि मालक भाडं पाडतो, कारण रिकामी सीट नेण्यापेक्षा कमी पैशात भरलेली सीट बरी. छोट्या खासगी विद्यापीठाचं तसंच आहे, फक्त त्याचे गणपती संपून बराच काळ झाला आहे. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख बाळं जन्मली, तो उच्चांक होता. त्यानंतर जन्म घटत गेले. त्या वर्षीची मुलं आता अठराची झाली. पुढच्या वर्षांत कॉलेजच्या दारात येणारी मुलं एकंदरीत कमी होत जाणार.

म्हणून दोन शब्द पक्के करू. विद्यापीठ संकेतस्थळावर जाहीर करतं ती छापील फी. शिष्यवृत्ती आणि अनुदान, म्हणजे जे परत करायचं नाही ते, सगळ्या खर्चातून वजा केल्यावर उरतं तो निव्वळ खर्च. २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या खासगी, बिगरनफा संस्थांची सरासरी छापील शिकवणी फी ४३,३५० डॉलर होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सवलती वजा जाता प्रत्यक्षात दिलेली शिकवणी फी सरासरी साधारण १६,५०० डॉलर. त्याच वर्षी राज्यातल्या मुलांसाठी सरकारी विद्यापीठाची सरासरी छापील फी ११,६१० होती. छापील आकडे पाहिले तर खासगी जवळजवळ चौपट महाग वाटतं, प्रत्यक्षात दरी बरीच कमी असते. मात्र राहणं-जेवणं यात धरलेलं नाही, आणि तिथेच खिशाला मोठी चाट बसते.

मग सरळ फीच कमी का करत नाहीत? काहींनी केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या बेलमाँट अ‍ॅबीने २०१३ मध्ये २७,६२२ ची फी १८,५०० वर आणली. रोजमाँटनेही २०१६ मध्ये ३०,००० च्या वरची फी १८,५०० केली. पण बहुतेक संस्था कचरतात, कारण 'तुमच्या मुलीला पंचवीस हजारांची स्कॉलरशिप' या वाक्याने घरात जो आनंद होतो, तो 'आमची फी मुळातच कमी आहे' याने होत नाही. माझ्या मावसबहिणीचा फोन हाच त्याचा पुरावा.

आता ते पत्र जवळून

आकडे गोल करून देतो. वर एकूण वर्षाचा खर्च: शिकवणी ४२,०००, राहणं-जेवणं १५,०००, पुस्तकं आणि किरकोळ ३,०००. म्हणजे ६०,००० डॉलर. खाली 'तुमची आर्थिक मदत' असा ठळक मथळा आणि तीन ओळी. पहिली, संस्थापिकेच्या नावाची शिष्यवृत्ती, २५,०००. दुसरी, सरकारी विद्यार्थी कर्ज, ५,५००. तिसरी, कॅम्पसवरचं काम, २,५००. तिन्हींची बेरीज ३३,०००. आणि शेवटी: तुम्हाला भरायचे २७,०००.

भाचीची आई त्या शेवटच्या ओळीला धरून बसली होती. पण मधली ओळ कर्ज आहे, व्याजासकट परत जाणारं. तिसरी ओळ तर अजून कमवायची आहे: ग्रंथालयाच्या काउंटरवर उभं राहून, तासाच्या हिशेबाने, तेही काम मिळालं तर. खरा निव्वळ खर्च ६०,००० उणे २५,००० म्हणजे ३५,०००. पत्रात हा आकडा कुठेच नव्हता. आणि हे एका विद्यापीठाचं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये अशी पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के संस्था निव्वळ खर्च देतच नाहीत किंवा कमी करून दाखवतात असं आढळलं.

पुढचं कोडं चार वर्षांचं. शिष्यवृत्ती 'दर वर्षी २५,०००' अशी ठरलेली होती, फी मात्र ठरलेली नव्हती. खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला असं धरलं तर निव्वळ खर्च ३५,००० वरून चौथ्या वर्षी ४२,५०० च्या जवळ पोचतो. चार वर्षांची बेरीज १,४०,००० येत नाही, जवळपास १,५५,००० येते. शिवाय शिष्यवृत्तीला गुणांची अट होती, आणि नर्सिंगसारख्या कोर्समध्ये एका कठीण सत्राने ती हातची जाऊ शकते. ती अट दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होती.

"पण स्कॉलरशिप दिली म्हणजे पोरगी हुशार आहे ना?"

पोरगी हुशार आहेच. पण त्या शिष्यवृत्तीवरून ते सिद्ध होत नाही. खासगी बिगरनफा कॉलेजांत पहिल्या वर्षाला येणाऱ्या दहापैकी साधारण नऊ मुलांना संस्थेकडून काही ना काही मिळतं, आणि सरासरी सूट आता शिकवणी फीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास गेली आहे. ४२,००० वर २५,००० म्हणजे सुमारे ६० टक्के, सरासरीच्या जरा वर. हे सांगताना मला वाईट वाटलं, कारण समोर आईचं कौतुक होतं. पण याच माहितीमुळे तिला पुढे बोलायचं बळ आलं. सगळ्यांनाच सूट मिळते, म्हणजे सूट वाढवून मागता येते. सरकारी विद्यापीठाचं पत्र जोडून तिने आर्थिक मदत कार्यालयाला साधं, विनंतीचं पत्र लिहिलं. दोन आठवड्यांत वर्षाला तीन हजार वाढवून मिळाले.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांसाठी इथे एक फरक मोठा आहे. त्यांना अमेरिकी सरकारचं अनुदान नाही, सरकारी विद्यार्थी कर्जही नाही. त्यांची शिष्यवृत्ती म्हणजे फक्त फीतली सूट, बाकी सगळं घरचं किंवा इथल्या बँकेचं.

निकालाचे आकडे: यात कोणाला मोजलं?

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं: 'आमचे ९५ टक्के पदवीधर सहा महिन्यांत नोकरीत किंवा पुढील शिक्षणात.' असे आकडे पदवीधरांना पाठवलेल्या प्रश्नावलीतून येतात. समजा ३०० पदवीधर आहेत आणि १९५ जणांचाच पत्ता लागला. त्यातले १८५ नोकरीत किंवा शिकतायत, म्हणून ९५ टक्के. उरलेले १०५ घरी बसलेत असं नव्हे, पण ते काय करतात हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून टक्केवारीच्या आधी विचारायचं: किती जणांची माहिती मिळाली? शिवाय अर्धवेळ काम, सैन्यात भरती, सेवाकार्य हेही 'लागले' यात येतं. कॅथलिक विद्यापीठांत हा मुद्दा खास आहे. जेझुइट व्हॉलंटिअर कोअरसारख्या संस्थांमार्फत एखादं वर्ष गरिबांच्या वस्तीत काम करणारी मुलं तिथे खरोखर असतात. मला त्यांचा आदरच वाटतो. पण ते वर्ष कर्जाचा हप्ता भरण्याइतका पैसा देत नाही, एवढं कुटुंबाला आधी कळायला हवं.

यापेक्षा बरा आरसा म्हणजे अमेरिकी शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड, २०१५ पासून सर्वांना खुलं. विद्यापीठाचं नाव टाकलं की निव्वळ खर्च, पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, कर्ज आणि कमाई दिसते. निव्वळ खर्च उत्पन्नाच्या पाच गटांप्रमाणे वेगळा दिसतो, ही त्यातली सर्वांत कामाची गोष्ट. ३०,००० डॉलरच्या आतलं घर आणि १,१०,००० च्या वरचं घर यांच्या सरासरीत तुमचं घर कुठेच नसतं. मावसबहीण आधी ती एकत्र सरासरी पाहून खूश झाली होती. स्वतःच्या गटाचा आकडा नऊ हजारांनी जास्त निघाला.

कमाईचा आकडा मध्यक असतो. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायचे. रांगेच्या बरोबर मधोमध उभ्या मुलाची उंची म्हणजे मध्यक. टोकाला एखादा ताडमाड असला तरी मधल्यावर परिणाम होत नाही, म्हणून तो सरासरीपेक्षा भरवशाचा. पण रांगेत उभं कोण आहे ते पाहायचं. यात फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी आहेत, म्हणजे भारतातून गेलेलं मूल या रांगेत नाहीच. संपूर्ण विद्यापीठाच्या आकड्यात प्रवेशानंतर दहा वर्षांनीची कमाई असते आणि शिक्षण मध्येच सोडलेलेही त्यात धरलेले असतात. विषयवार आकड्यांत मात्र पदवी घेतलेलेच. म्हणून एकाच विद्यापीठाचे हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि तो घोटाळाही नाही. छोट्या विद्यापीठात एखाद्या विषयाचे वर्षाला आठ-दहाच पदवीधर असतात. मग ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकलेला दिसतो.

कर्जाच्या आकड्यातही अशीच गोम आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दर वर्षी ७,५०० पर्यंतच मिळतं. चार वर्षांचे २७,०००. म्हणून पदवीधरावरचं सरकारी कर्ज बऱ्याच ठिकाणी पंचवीस-सत्तावीस हजारांभोवतीच दिसतं, मग विद्यापीठ स्वस्त असो की महाग. खरी तफावत आईवडिलांनी स्वतःच्या नावावर काढलेल्या कर्जात असते आणि ती मुलाच्या आकड्यात धरत नाहीत. २०२५ च्या नव्या कायद्याने त्या कर्जावर बंधन घातलं: १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज काढणाऱ्यांना वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलर.

आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा: किती मुलं पदवीपर्यंत पोचतात. चार वर्षांच्या कोर्सला सहा वर्षं धरून हे प्रमाण काढतात. २०१४ मध्ये दाखल झालेल्यांत खासगी बिगरनफा संस्थांचं प्रमाण ६८ टक्के होतं, सरकारी संस्थांचं ६३. दुसऱ्या कॉलेजात बदली घेऊन पदवी मिळवलेला विद्यार्थी इथे 'न झालेला' म्हणून मोजला जातो, तेवढी सूट द्यावी. पण छोट्या विद्यापीठाचं प्रमाण निम्म्याच्या खाली असेल तर मी कमाईचे आकडे वाचायच्या आधी थांबेन. पदवीशिवाय उरलेलं कर्ज फेडणं सर्वांत जड जातं.

विषय मोठा की विद्यापीठ?

पगाराच्या बाबतीत बहुधा विषय. नोंदणीकृत परिचारिकेचा राष्ट्रीय मध्यक पगार २०२३ मध्ये ८६,०७० डॉलर होता, समाजकार्यकर्त्याचा ५८,३८०. ज्या विद्यापीठात निम्मी मुलं नर्सिंगची, त्याचा कमाईचा आकडा भरघोस दिसणार. जिथे शिक्षक आणि समाजकार्यकर्ते घडतात, तिथला बेताचा. त्यावरून शिकवणं चांगलं की वाईट हे कळत नाही. नर्सिंगपुरती एक स्वच्छ कसोटी आहे: परवाना परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण. बऱ्याच राज्यांची परिचर्या मंडळं ते कॉलेजवार प्रसिद्ध करतात. आम्ही पाच वर्षांचे आकडे काढले. एकाच वर्षी घसरण होती, पुढे सावरलेली.

नव्या कायद्याने विषयाचं महत्त्व आणखी वाढवलं. एखादा पदवी कोर्स पूर्ण केलेल्यांची त्यानंतर चार वर्षांनीची मध्यक कमाई फक्त बारावीपर्यंत शिकलेल्या २५ ते ३४ वयाच्या नोकरदारांपेक्षा तीनपैकी दोन वर्षं कमी भरली, तर त्या कोर्ससाठी सरकारी कर्ज मिळणं बंद होईल. नर्सिंगला याची भीती नाही. धर्मशास्त्र, संगीत, नाट्य अशा छोट्या विभागांना आहे, आणि ही विद्यापीठं ज्या सेवाभावासाठी उभी राहिली तो भाव याच विभागांत जास्त सापडतो. मुलं कर्जात अडकू नयेत हा हेतू मला पटतो. पण पगारावरून सगळंच जोखलं जावं, हे पटत नाही.

"मग अशा ठिकाणी जाऊच नये का?"

असं मी मुळीच म्हणणार नाही. वीस जणांच्या वर्गात नाव घेऊन हाक मारणारी प्राध्यापिका आणि तीनशे जणांच्या सभागृहातला अनोळखी चेहरा, यातला फरक खरा आहे. लाजऱ्या किंवा घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला त्याची किंमत जास्त कळते. कॅथलिक नसलेल्यांचं काय, हेही मावसबहिणीने विचारलं. बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञान किंवा धर्मशास्त्राचे एक-दोन विषय सगळ्यांना घ्यावे लागतात, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाण्याची सक्ती नसते. भाचीला तर त्यातला नीतिशास्त्राचा पेपर आवडीचाच वाटला. रुग्णाच्या उशाशी उभं राहायचं तर ते प्रश्न येणारच, ती म्हणाली.

जादा पैसे कशासाठी देतोय हे माहीत असेल तर ते द्यायला हरकत नाही. आमच्या हिशेबात सरकारी विद्यापीठाशी चार वर्षांचा फरक आधी सुमारे बत्तीस हजार निघाला होता. वाढीव सवलतीनंतर तो वीस हजारांवर आला.

मध्येच बंद पडलं तर?

ही भीती आता अवाजवी राहिलेली नाही. बंद होणारी संस्था सहसा शेजारच्या विद्यापीठांशी करार करते, म्हणजे विद्यार्थी तिथे कोर्स पूर्ण करू शकतात. आधी मिळालेली पदवी वैध राहते आणि गुणपत्रकं दुसऱ्या संस्थेकडे किंवा राज्याकडे जातात. विद्यार्थी दाखल असताना किंवा सोडल्यानंतर १८० दिवसांत संस्था बंद झाली आणि कोर्स पूर्ण झाला नाही, तर सरकारी विद्यार्थी कर्ज माफ होऊ शकतं. करारानुसार दुसरीकडे कोर्स पूर्ण केला तर ती माफी नाही. खासगी बँकेच्या कर्जाला हा नियम लागू नाही, आणि भारतातल्या बँकेच्या कर्जाला तर नाहीच.

आधी अंदाज घेता येतो का? बऱ्यापैकी येतो. शिक्षण खातं खासगी संस्थांना आर्थिक तब्येतीचा गुण देतं, उणे १ ते ३ या पट्टीवर. १.५ किंवा वर असलेली संस्था ठीक समजली जाते. बिगरनफा संस्थेचं वार्षिक करविवरणही कोणालाही वाचता येतं. त्यात सलग तीन-चार वर्षं तूट आहे का, शिवाय विद्यार्थीसंख्या घसरतेय का, हे पाहायला एक संध्याकाळ पुरते. भाचीच्या विद्यापीठाचा गुण २ च्या वर होता, एका वर्षी तूट, दोन वर्षं शिल्लक. प्रवेश निश्चित करायची शेवटची तारीख १ मे होती. ३० एप्रिलच्या रात्री मावसबहिणीने डिपॉझिट भरलं आणि पावतीचा फोटो पाठवला. सोबत एका कागदावर, स्वतःच्या हाताने मांडलेला चार वर्षांचा हिशेब होता.